मारावा लागलेला मासा

कालचा मासा डोक्यातून जात नाहीये. दादा फोनवर म्हणाला, मासे धरायला जातोस आणि मारला म्हणून रडतोस? काय सांगणार त्याला. सोडून द्यायची सवय लागलेला हात आहे हा.

अमेरिकेतल्या यलोस्टोन लेक या तळ्यावरचा बर्फ नुकताच गेलाय. एरवी खोल गार पाण्यात बसणारे लेक ट्राउट मासे या दिवसांत काठाशी येतात, फ्लायला, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली आमिषाला, लागतात ते आत्ताच. सिंकिंग लाइन, म्हणजे पाण्यात बुडणारी दोरी, खाली जाऊ दिली, स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखा दिसणारा फ्लाय, थांबत थांबत ओढला आणि लाइन जड झाली. उडी नाही की काही नाही, नुसतं डोकं झटकत खाली ओढणं. जाळीत बघितलं तर गडद अंगावर फिके ठिपके, शेपटीला खोल खाच. जबड्याखाली कटथ्रोटची, म्हणजे इथल्या मूळच्या ट्राउटची, नारिंगी रेघ नाही. गळाला उलटा काटा नसतो, बोटाने सरकवला की सुटतो. तसा सुटलाही. पण इथे कटथ्रोट सोडायचा आणि लेक ट्राउट मारायचाच, असा नियम आहे.

नियम पटतो मला. 1994 मध्ये लेक ट्राउट या तळ्यात सापडले, बहुधा कुणीतरी जवळच्या लुईस लेकमधून आणून सोडलेले. त्यांनी कटथ्रोट खाऊन संपवत आणले. कटथ्रोट अंडी घालायला ओढ्यांत चढतो, तिथे अस्वलांना मिळतो. लेक ट्राउट अंडीही तळ्यातच घालतो, अस्वलाच्या हाती लागायचा नाही. हे सगळं कळतं. पण तो काही आपल्या पायांनी आला नव्हता.

लुईस लेकमध्येही 1890 साली सरकारनेच सोडलेला, मिशिगन सरोवरातून आणून. पुढे मिशिगनमध्ये लॅम्प्री, म्हणजे माशांना चिकटून रक्त शोषणारा जीव, आणि बेसुमार मासेमारीने तो नामशेष झाला, तेव्हा लुईसच्याच वंशाची पिल्लं वाढवून तिकडे पुन्हा सोडली. तिकडे जपायचा, इकडे दिसला की मारायचा. मासा तोच. माझ्याच वाट्याला हे का, असं काल रात्रभर वाटत राहिलं. आईला सांगितलं असतं तर... जाऊ दे.

सकाळी साफ करायला घेतला. पोटात बोटभर कटथ्रोट निघाला, अर्धा विरघळलेला, रेघ मात्र अजून नारिंगी. बराच वेळ हातात धरून बसलो. राग कुणाचाच आला नाही. लेक ट्राउटने जे खायचं ते खाल्लं, मी जे करायचं ते केलं, आणि दोन्ही करायला लावणारे केव्हाच निघून गेलेत.

रात्री तोच तळून खाल्ला. चव चांगली होती. उद्या वारा पडला तर पुन्हा जाणार आहे, पांढरा स्ट्रीमर बांधून ठेवलाय.