ती पडली की मी पाडलं?

सई आज मुद्दाम पडली. मला पक्कं ठाऊक आहे.

ज्युदोच्या क्लासमध्ये रांदोरी, म्हणजे जोडीने मोकळ्या लढतीचा सराव, चालू होती. मी ओ-गोशीला, म्हणजे कमरेवरून फेकायच्या थ्रोला, वळले आणि माझी कंबर तिच्या कमरेखाली जायच्या आतच ती अंगावरून पलीकडे! समोरच्याचा तोल मोडल्याशिवाय हा थ्रो लागत नाही, आणि तो मी मोडलेलाच नव्हता. तिची बाही माझ्या मुठीत होती, तिला ताणच नव्हता. मॅटवर हात मात्र काय खणखणीत आपटला पोरीने. सर लांबून ओरडले, "वा काकू, इप्पोन!" म्हणजे पूर्ण गुण, लढत जिंकलीच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

हल्ली सगळेच असं करतात. सिलिंडर सरकवायला गेलं की "राहू दे आई, मी बघतो." ऑफिसात किचकट काम आलं की ते परस्पर दुसऱ्याच्या टेबलावर. दादासुद्धा रिपोर्टचं अर्धंच सांगतो... तो विषय आज नको. मला कोणी जपत नाही अशी एक मॅटच काय ती उरली होती. उकेमी, म्हणजे लागू न देता पडायचं कसं ते, शिकताना नुसती आपटत होते, आणि घरी येऊन काळेनिळे डाग मिरवत होते. आता तिथेही मी जपून ठेवायची वस्तू झाले. पन्नाशी आली म्हणजे एवढं?

मग जपानचा ज्युदोपटू यामाशिता आठवला. १९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक, खुल्या गटाची फायनल. उजव्या पोटरीचा स्नायू आधीच्या एका फाइटमध्येच फाटलेला, गडी लंगडत मॅटवर आला. समोर इजिप्तचा रशवान. त्याने दुखऱ्या पायाचा फायदा घेतला नाही असं सांगतात, फेअर प्लेचा सन्मानही मिळाला त्याला. पण तो काही आपणहून आडवा झाला नव्हता. लढला, यामाशिताने त्याला खाली दाबून धरलं, आणि हरला. दुखरा पाय सोडून देणं वेगळं आणि समोरच्यासाठी स्वतः पडणं वेगळं. पहिल्यात मान आहे. दुसऱ्यात, मला तरी, "राहू दे आई" ऐकू येतं.

अर्थात सई रशवान नाही आणि मी यामाशिता तर नाहीच. वजन तेवढं त्याच्या दिशेने निघालंय. पोरीने माझा खांदा बघितला असेल. बारावीचं टेन्शन आहे, तिला लवकर सुटायचंही असेल. माझ्यासाठीच पडली असं मीच कशाला धरून बसलेय?

आणि टाळ्या पडल्या तेव्हा बरं वाटलंच होतं की. चांगलंच बरं वाटलं होतं.

गुरुवारी तिला सांगणार आहे, सोडायचं नाही, पाडायचं. मग ती पाडेल, माझी पाठ धरेल, आणि मी घरी येऊन तिच्या नावाने बोटं मोडत बसेन. चालेल. बाम आहे अजून.