पेरणीची तारीख जानेवारीत कशी सांगणार?

मी एका जर्मन कंपनीच्या इथल्या कारखान्यात एचआर बघते. जर्मनीतल्या हेड ऑफिसकडून दर जानेवारीत एक एक्सेल शीट येते. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे त्याच्या वर्षभराच्या रजेच्या तारखा भरायच्या आणि महिनाअखेर परत पाठवायची. तिकडे हे रीतसरच आहे. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा तिथल्या कायद्याने मिळते, आणि लोक ऑगस्टची सुट्टी हिवाळ्यातच ठरवून टाकतात. संभाजीनगरजवळच्या आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यातली बरीचशी पोरं मात्र करमाड, बदनापूर, फुलंब्री, पाचोडकडची. आयटीआय करून सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, उभी राहिलेली. पण घरी तीन-चार एकर कोरडवाहू आहे आणि वडील थकलेत. त्यांनी जूनची कोणती तारीख लिहायची?

माझं माहेर अंबड तालुक्यातलं, त्यामुळे पेरणी मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. तेवढा झाला तरी लगेच तिफण धरता येत नाही. काळ्या रानात आधी चिखल, मग वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल. वाफसा हुकला तर ओल उडून जाते, नाहीतर वरून दुसरा पाऊस लागून बसतो. त्यात गावातला ट्रॅक्टरवाला ज्या दिवशी नंबर देईल तोच दिवस आपला. एवढं सगळं जुळलं की रात्री उशिरा मला फोन येतो, "मॅडम, उद्या येणं होत नाही. वाफसा आलाय."

मग तिकडच्या स्क्रीनवर आमचा जून महिना लाल दिसायला लागतो. विनापरवाना गैरहजर, विनापरवाना गैरहजर, अशी ओळच्या ओळ. पाठोपाठ मेल येते की शेंद्र्याच्या लोकांना शिस्त का नाही, ताकीदपत्रं का दिली नाहीत. खरं तर आपल्याकडचा कारखाना कायदाही याच वळणाचा होता. 20 दिवस कामामागे 1 दिवस रजा, आणि अर्ज 15 दिवस आधी. पंधरा दिवस आधी पाऊस कोणाला कळतो?

आंतरराष्ट्रीय कंपनीतल्या एचआरला प्रशिक्षणात एक तक्ता हमखास दाखवतात. हॉफस्टेड नावाच्या डच संशोधकाने आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून तो मांडला. त्यात वरच्या माणसाची सत्ता किती मान्य केली जाते याचा एक आकडा असतो. भारत 77, जर्मनी 35. यावरून आम्हाला सांगितलं जातं की भारतीय कामगार साहेबापुढे बोलत नाही. मीटिंग रूममध्ये नाही बोलत, हे खरं. पण संध्याकाळच्या कंपनी बसमध्ये बसून पाहा. जालना रोडला बस लागली की कोणाचं बियाणं उगवलं नाही, कोणाच्या बहिणीचं लग्न कुठे अडलं, कोणता सुपरवायझर रजा देताना तोंड बघून देतो, सगळं निघतं. मला जे कळतं त्यातलं बहुतेक त्या बसमध्येच कळलेलं आहे. एचआरच्या माणसाने कामगारांच्या बसने जावं, असं मी नव्या मुलामुलींना आग्रहाने सांगते.

एका कॉलवर मी हेड ऑफिसच्या मॅडमना विचारलं, तुमच्याकडे रजेचे नियम ठरवतं कोण? कामगारांनी निवडलेल्या परिषदेबरोबर बसून ठरतात, त्या म्हणाल्या. तिथे 5 कामगार असले तरी अशी परिषद निवडता येते आणि रजेच्या नियमांत तिचा कायदेशीर हक्क असतो. शाळेत जाणारी मुलं असलेल्यांना शाळेच्या सुट्टीत आधी रजा मिळते. त्या सुट्ट्याही सगळीकडे एकाच वेळी नसतात, राज्याराज्याप्रमाणे मागेपुढे असतात. मी म्हटलं, मग तुम्हीसुद्धा तिथलं कॅलेंडर बघूनच रजा देता. आमचं कॅलेंडर ढगात आहे, एवढाच फरक. त्यानंतर पहिल्यांदा त्यांनी मला पाऊस कधी येतो, किती पडला की पेरतात, हे सगळं बारकाईने विचारलं आणि लिहून घेतलं.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्यापुढे ठेवली. तिकडून इंजिनिअर दोन-तीन वर्षांसाठी संभाजीनगरला येतो तेव्हा हेच खातं त्याच्यासाठी किती खोलात शिरतं! घर, मुलांची शाळा, वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट. दोन्ही देशांत दोनदा सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागू नये म्हणून भारत-जर्मनी करार आहे, त्याचा दाखला. एका माणसाची अडचण समजून घेता येते, तर एका तालुक्याची का नाही?

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येकाच्या रजेतले चार दिवस बिनतारखेचे ठेवायचे. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत लाईन लीडरला कळवलं की रजा मंजूर. मात्र एका लाईनवर एका वेळी किती जण जाऊ शकतात याला मर्यादा. त्यासाठी एकेका मशीनवर दोन जास्तीची माणसं तयार करावी लागली. सुपरवायझर सुरुवातीला चिडले होते. उत्पादनाचा जाब त्यांना द्यावा लागतो, त्यांचा राग मला समजतो.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती शेत नसलेल्यांवरून. आमच्याकडे भूमिहीन घरांतली पोरं आहेत, शहरातली आहेत. "ज्याच्याकडे रान त्यालाच सवलत का?" हा प्रश्न बसमध्येच आला आणि रास्तच होता. म्हणून त्या दिवसांना पेरणीची रजा असं नाव द्यायला मी विरोध केला. दिवस सगळ्यांना सारखे, कारण कोणी विचारायचं नाही. कोणी ते 14 एप्रिलसाठी वापरतो, कोणी खुलताबादच्या उरुसाला, कोणी नाथषष्ठीला पैठणला जातो. असेंब्लीतल्या बायकांनी बहुतेक दिवस महालक्ष्म्यांसाठी राखले. मराठवाड्यात तीन दिवसांचा तो सण, घरच्या सुनेला त्यातून सुटका नसते. आधी त्या आजारपणाचा दाखला आणायच्या. आता आणावा लागत नाही, याचा मला फार आनंद आहे.

लाल खाने कमी झाले. अजून आहेतच, कापसाच्या वेचणीला आणि लग्नसराईत चार दिवस पुरत नाहीत.

खरं अडलंय ते दुसरीकडे. कंत्राटी कामगारांना हे लागू नाही. पॅकिंग आणि लोडिंगला तीच माणसं आहेत, त्याच गावांतली, आणि पेरणीला गेली की त्यांचा दिवसाचा पगार जातो. ठेकेदार म्हणतो, बिलात धरून द्या, मी देतो. खरेदी विभाग म्हणतो, दर वाढतो. हेड ऑफिस म्हणतं, ती आमची माणसं नाहीत. मी मात्र पुढच्या कराराच्या मसुद्यात ते चार दिवस लिहून पाठवलेत. खरेदी विभागाने ती ओळ कापली तर पुन्हा लिहीन.