चांगला सेटर म्हणजे चांगला सुपरवायझर असं नसतं – आमच्या भोसरीतल्या शॉपची वाटचाल

पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं शॉप आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर धातूचे गोल पार्ट काढायचे. सुरुवात नव्वदच्या दशकातली, भाड्याचा गाळा, दोन सेकंडहँड लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि मी. आज नऊ सीएनसी, तीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन) आणि पन्नासच्या आसपास माणसं आहेत. लोन कसं मिळालं, पहिला कस्टमर कसा मिळाला, पेमेंटसाठी किती फेऱ्या मारल्या हे सगळे उद्योजक सांगतातच आणि थोड्याफार फरकाने ते सगळ्यांचं सारखंच असतं, त्यामुळे ते इथे लिहीत बसत नाही. माणसं कशी तयार झाली ते लिहितो, त्यातही मधली फळी, म्हणजे सुपरवायझर आणि शिफ्ट इनचार्ज, कारण आमच्या लाइनीतले लोक भेटले की हेच विचारतात, की तुम्ही गावाला गेलात तरी तुमचं शॉप चालतं कसं.

मी स्वतः टेल्कोचा (नंतरची टाटा मोटर्स) अप्रेंटिस. साठच्या दशकात टेल्को पुण्यात आली तेव्हा कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी अगदी सुरुवातीलाच ट्रेनिंग डिव्हिजन उभी केली, आधी माणूस घडवायचा मग गाडी घडवायची असा तो हिशोब होता. एके काळी भोसरीत कुठल्याही गाळ्यात डोकावलं तरी टेल्कोतून बाहेर पडलेला कोणीतरी सापडायचाच. तिथे कानशीने फायलिंग करून करून हात भरून यायचे आणि वरून इन्स्ट्रक्टर ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरून बघायचे. पण ते झालं मोठ्या कंपनीचं. वेगळी बिल्डिंग, वेगळे इन्स्ट्रक्टर, प्रॉडक्शनचं टेन्शन नाही. आमच्यासारख्याने काय करायचं? आमच्याकडे एक माणूस शिकायला बसवला तर एक मशीन बंद पडतं. अप्रेंटिस अॅक्ट आहे १९६१ चा, ३० किंवा जास्त माणसं असली की अप्रेंटिस घ्यावेच लागतात, सरकार स्टायपेंडमध्ये थोडा वाटाही उचलतं, ते सगळं आम्ही करतो. पण पोरगा घेतला तर त्याला शिकवणार कोण, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

दोन शिफ्ट सुरू झाल्या तेव्हा पहिल्यांदा सुपरवायझर लागला. आमच्या लाइनीत रीतच अशी की सगळ्यात हुशार सेटरला, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन आणि टूल लावून देणाऱ्याला, सुपरवायझर करायचं. आमच्याकडे एक सेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, हात असा की ड्रॉइंग एकदा बघितलं की प्रोग्रॅम डोक्यात तयार. साहजिकच त्यांना विचारलं. मामा सरळ म्हणाले, "शेठ, मला मशीन द्या, माणसं नका देऊ. मला पोरांच्या मागे फिरून ओरडायला जमत नाही आणि मी ओरडलो तर दुसऱ्या दिवशी एक पण येणार नाही." मला हे उत्तर फार आवडलं. मग आम्ही त्यांच्यासाठी मास्टर सेटर अशी पोस्ट काढली आणि पगार सुपरवायझरपेक्षा वर ठेवला. हे बरेच जण करत नाहीत. पगार वाढवायचा तर पद वाढवलंच पाहिजे असं धरून चालतात आणि मग एक चांगला सेटर गमावून बसतात आणि एक कंटाळलेला सुपरवायझर पदरात पडतो.

सुपरवायझर केला एका लातूरच्या पोराला. सेटिंगमध्ये मधलाच होता, पण मी एक गोष्ट बघत आलो होतो, नवीन पोरं अडली की मामांकडे न जाता ह्याच्याकडे जायची, कारण हा सांगताना वैतागायचा नाही. माझ्या भाच्याने मला एकदा गूगलचं सांगितलं होतं, तो हिंजवडीला आयटीत आहे. २००८ च्या सुमारास गूगलने आपल्याच मॅनेजर लोकांचा अभ्यास केला, प्रोजेक्ट ऑक्सिजन नावाचा, चांगला मॅनेजर नक्की काय वेगळं करतो ते शोधायला, आणि आठ गोष्टींची जी यादी निघाली त्यात पहिली गोष्ट होती की तो चांगला कोच असतो, आणि टेक्निकल ज्ञान आठव्या नंबरवर. गूगलमध्ये! मी म्हणलं मग भोसरीत वेगळं काय असणार आहे.

आता ट्रेनिंगबद्दल. एका कस्टमरच्या सांगण्यावरून आम्ही सुपरवायझर लोकांना दोन दिवसांच्या लीडरशिप प्रोग्रॅमला पाठवलं होतं, हॉटेलात, एसी हॉल, फुगे फुगवायचे, दोरीने बांधून घ्यायचं, शेवटी फॉर्म भरायचा, सगळ्यांनी एक्सलंटवर टिक. पोरं आली ती जेवणाचं कौतुक करत. त्या ट्रेनरला मी नावं ठेवत नाही, माणूस चांगला बोलायचा. पण डोनाल्ड कर्कपॅट्रिक म्हणून अमेरिकेतले एक प्राध्यापक, त्यांनी १९५९ मध्येच मांडून ठेवलंय की ट्रेनिंग चार पातळ्यांवर तपासा – लोकांना आवडलं का, लोक काही शिकले का, कामावर आल्यावर वागणं बदललं का, आणि धंद्याला काही फायदा झाला का. बहुतेक ठिकाणी तपासणी पहिल्या पातळीवरच संपते, म्हणजे पनीर कसं होतं.

आमचं काम खरं मार्गी लागलं ते एका रिटायर्ड सरांमुळे, मोठ्या कंपनीच्या ट्रेनिंगमधून निवृत्त झालेले, स्कूटरवर यायचे, फी म्हणून जे देऊ ते घ्यायचे. त्यांनी पहिल्या दिवशी खिशातून वायरचा तुकडा काढला आणि सुपरवायझर लोकांना तोंडी सांगितलं की बल्बच्या होल्डरमध्ये वायर ओढली जाऊ नये म्हणून जी गाठ मारतात ती अशी अशी मारायची. नंतर म्हणाले, मारा. एकालाही जमेना. मग काही न बोलता स्वतः मारून दाखवली, भराभर. परत मारा म्हणाले. परत कोणाला जमेना. आणि मग एकाला शेजारी बसवून, एक एक टप्पा दाखवत, दर टप्प्याला नेमकी मेख कुठे आहे ते सांगत शिकवलं आणि त्याच्याकडून करून घेताना त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. जमली. म्हणाले, तुम्ही रोज पहिल्या दोन पद्धतीने शिकवता, एकतर नुसतं सांगता नाहीतर नुसतं दाखवता, आणि मग म्हणता पोरात दम नाही.

ही गाठ त्यांची स्वतःची नव्हे, ती टीडब्ल्यूआयची, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारागीर सैन्यात गेले आणि कारखान्यात नवशिके भरले, तेव्हा १९४० ते ४५ ह्या काळात हा कार्यक्रम चालला, सोळा लाखांच्या वर लोकांना सर्टिफिकेट दिली. एकेक कोर्स दहा तासांचा, दोन दोन तासांची पाच सेशन, एका बॅचला दहा माणसं, बस. युद्धानंतर अमेरिकेत हे जवळपास विसरले, जपानने उचललं, टोयोटाने तर पन्नासच्या दशकात घेतलं ते आजतागायत सोडलं नाही, आणि आपण जपानी जपानी म्हणून ज्याचे गोडवे गातो त्यातलं बरंच ह्या टीडब्ल्यूआयमधलं आहे. टीडब्ल्यूआयचं एक वाक्य सरांनी आमच्या बोर्डवर खडूने लिहून ठेवलं होतं: कामगार शिकला नाही म्हणजे शिकवणाऱ्याने शिकवलं नाही. ह्या वाक्यावर आमच्याकडे महिनाभर भांडणं झाली. सुपरवायझर म्हणायचे म्हणजे सगळं आमच्यावरच का.

मग आम्ही प्रत्येक क्रिटिकल कामाचा एक कागद करायला लागलो, तीन रकाने, काय करायचं, कसं करायचं, का करायचं. ऐकायला सोपं आहे पण लिहायला बसल्यावर कळतं की आपल्याला स्वतःलाच तिसरा रकाना येत नाही. उदाहरण देतो. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, बदलला की पहिला पीस मोजून मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, टाकायची. नवीन पोरगा इथेच धडपडतो. ओडी (बाहेरचा व्यास) एमएमच्या दोन शतांशाने मोठी आली तर एक्समध्ये (व्यासाच्या दिशेने) मायनस, पण बोअर (आतलं भोक) दोन शतांशाने छोटा आला तर प्लस, हे त्याला उलटसुलट होतं. दुसरं म्हणजे मशीनवर प्लस इनपुटचं बटण दाबायचं की नुसतं इनपुटचं. प्लस इनपुटने आधीच्या ऑफसेटमध्ये भर पडते, नुसत्या इनपुटने जुना आकडा पुसून नवा बसतो आणि पुढचा पीस गेलाच म्हणून समजा. तिसरी गोष्ट तर जुन्या ऑपरेटरनाही माहीत नसते: जॉब गरम असताना मोजायचा नाही. का? तर ५० एमएम डायाचा स्टीलचा जॉब २० डिग्रीने गरम असेल तर साधारण ११-१२ मायक्रॉन (एमएमचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मोठा दाखवतो. टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरकच, वीस मायक्रॉनचा असेल तर अर्ध्याच्या वर तिथेच खाऊन टाकला. हे "का" सांगितल्यापासून पोरं स्वतःहून जॉब कूलंटमध्ये बुडवून, पुसून, थोडा थांबून मोजायला लागली. आधी आम्ही नुसतं "थंड करून मोज रे" म्हणायचो, कोण ऐकतंय.

हे कागद लिहायचं काम मी सुपरवायझरना दिलं, मामांना शेजारी बसवून. मामा करून दाखवणार, सुपरवायझर विचारत जाणार, आत्ता तुम्ही हात का थांबवला, आत्ता कानाने काय ऐकलंत. मामांच्या पोटातली विद्या अशी बाहेर आली. आमच्याकडे ऑपरेटर बिहार आणि ओडिशाचे बरेच आहेत म्हणून कागद हिंदीत पण केले आणि फोटो भरपूर टाकले.

वेळ कधी काढला हे पण विचारतात. भोसरीत सुट्टी गुरुवारी असते, सुट्टीच्या दिवशी ट्रेनिंगला बोलावलं की माणूस येतो पण मन घरी ठेवून येतो. आम्ही बुधवारी दुपारी शिफ्ट बदलताना दोन तास काढले आणि ते ओव्हरटाइम म्हणून दिले. कंजूषपणा करायचा असेल तर दुसरीकडे करावा, इथे नको.

स्किल मॅट्रिक्सचं सांगायलाच पाहिजे. आयएटीएफ (गाड्यांचे पार्ट करणाऱ्यांचं क्वालिटी सर्टिफिकेट) वाल्या प्रत्येक शॉपच्या भिंतीवर ते असतं, कोणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता, गोलाचे चार भाग, शिकतोय तर एक भाग काळा, देखरेखीखाली करतो तर दोन, एकट्याने करतो तर तीन, दुसऱ्याला शिकवू शकतो तर पूर्ण गोल काळा. बऱ्याच ठिकाणी हे ऑडिटच्या आदल्या रात्री क्वालिटीची पोरं स्केचपेन घेऊन रंगवतात, सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे नियम एवढाच केला की चौथा भाग काळा करायचा असेल तर ज्याला शिकवलं त्या पोराला उभं करायचं आणि त्याने एकट्याने सेटिंग करून पहिला पीस ओके काढायचा. ह्याचा इन्क्रीमेंटशी संबंध जोडला. लगेच फरक पडला, कारण आधी जो तो आपली खुबी लपवून ठेवायचा, मला येतं म्हणून मला किंमत आहे असं. आता शिकवलं तर पैसे आहेत.

शिकवणं झालं, पण माणसं सांभाळणं वेगळं. टीडब्ल्यूआयमध्ये त्याचाही एक कोर्स आहे, जॉब रिलेशन्स. त्यात सांगितलेलं साधंच आहे: काम कसं चाललंय ते माणसाला सांगत जा, चांगलं केलं तर तेव्हाच कौतुक करा, त्याच्यावर परिणाम होणार असेल असा बदल आधी कानावर घाला, आणि ज्याच्यात जे आहे ते वापरा. आणि भांडण आलं तर आधी माहिती गोळा करा. आमचा एक ऑपरेटर सेकंड शिफ्टला जेवणाच्या सुट्टीनंतर रोज पंधरा-वीस मिनिटं उशिरा यायचा. आधीचा इनचार्ज असता तर सगळ्यांसमोर झापला असता आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला असता. लातूरवाल्याने त्याला चहाला बाहेर नेलं आणि विचारलं. त्याची मेस रात्री शिफ्ट सुटायच्या आत बंद व्हायची, म्हणून तो सुट्टीत खोलीवर जाऊन जेवून यायचा. मेसवाल्याला सांगून चार जणांचे डबे गेटवर मागवले, विषय संपला. हे मला नंतर कळलं, कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं, आणि मला कळायची गरज पण नव्हती.

कारण ह्या सगळ्यातला अवघड भाग मालकाचा आहे. सुपरवायझर म्हणायचं आणि हाफ डे सुट्टीसाठी पण "शेठना विचार" असेल तर तो सुपरवायझर नाही, निरोप्या आहे. आम्ही लिहून दिलं. रिजेक्शन (बाद पीस) वाढतंय असं वाटलं तर मशीन थांबवायचा अधिकार त्याचा, डिस्पॅच अडला तरी चालेल. दोन हजारांपर्यंत इन्सर्ट-होल्डर तातडीने आणायचा अधिकार त्याचा. सुट्टी त्याने द्यायची. आणि मी सकाळचा पहिला तास शॉपवर जायचंच बंद केलं, कारण मी दिसलो की ऑपरेटर त्याला सोडून माझ्याकडे बघतात. मला हे जड गेलं, मशीनचा आवाज ऐकून बसवत नाही आम्हाला.

"शिकवून माणूस गेला तर?" हा प्रश्न येतोच. जातो. चाकणच्या मोठ्या कंपन्यांशी पगारात आमची बरोबरी कधीच होणार नाही, आमचे दोन चांगले सेटर तिकडेच आहेत. पण कागद आहेत, शिकवणारी फळी आहे, त्यामुळे एक गेला म्हणून मशीन बंद पडत नाही. आणि खरं सांगू का, पोरांमध्ये असं नाव झालंय की इथे सेटिंग शिकवतात, त्यामुळे आयटीआयची पोरं स्वतःहून विचारत येतात. क्वालिटीत डिप्लोमा झालेली एक मुलगी अशीच आली, आज लाइन इन्स्पेक्शन पूर्ण तिच्याकडे आहे आणि मामा पण पहिला पीस घेऊन तिच्याकडे जातात, "ताई बघा जरा" म्हणत.

आता पुढचं काम सुरू केलंय ते म्हणजे कॉस्टिंग. मशीन अवर रेट (मशीनचा तासाचा दर), सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ), एका इन्सर्टच्या कडेला किती पीस निघतात, हे मालकाच्या वहीत लपवून ठेवायचं आपल्याकडे चालत आलंय. मी लातूरवाल्याला आणि ताईंना वही उघडून दिली. त्यांना आपलं रिजेक्शन पहिल्यांदा रुपयात दिसलं तेव्हा दोघंही थोडे गप्प झाले आणि मग लगेच आपसात वाद, की ह्यात रिवर्कचा वेळ धरलाय का नाही. धरला नव्हता. मागच्या आरएफक्यूचं, म्हणजे कस्टमरने दर मागवले होते त्याचं, कोटेशन त्या दोघांनी बसून केलं, मी फक्त शेवटी नजर टाकली, इन्सर्टची कॉस्ट त्यांनी माझ्यापेक्षा जास्त धरली होती आणि त्यांचं बरोबर होतं. ऑर्डर अजून आलेली नाही, कस्टमर म्हणतोय तीन टक्के कमी करा, आणि त्याच्याशी बोलायला ह्या वेळी ते दोघंच जाणार आहेत.