फुलला म्हणजे कधी?

बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, असे आमच्याकडे घरोघर सांगतात. कोणी पंचेचाळीस म्हणते, कोणी साठ. पण झाड पिवळे झाले की आता मृगाकडे डोळे लावायला हरकत नाही, हा दिलासा सगळ्यांच्या बोलण्यात सारखाच असतो. काही वर्षांपूर्वी मी हे वाक्य एका वहीत उतरवून घेतले आणि त्याखाली, पुण्यातल्या आमच्या घरासमोरच्या बहाव्याला पहिला घोस दिसला ती तारीख लिहिली. त्या ओळीचे पुढे काय झाले, ती कितीदा बदलली आणि कोणामुळे बदलली, हे आज सविस्तर लिहायचे आहे. विचार कसा वाढतो याविषयी मला जे थोडेफार उमगले आहे, ते त्या ओळीमुळेच.

त्याआधीही मी वाचत होते, पुस्तकांत पेन्सिलीने रेघा ओढत होते, वर्तमानपत्रांची कात्रणे कापून फायलीत लावत होते. फायली भरल्या, पण त्यांतून माझे असे काही निघाले नाही. रेघ ओढताना आपल्याला सगळे समजल्यासारखे वाटते. तीच गोष्ट पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहायला बसले, की नेमके किती समजले होते ते उघडे पडते. म्हणून मी कात्रणे बंद केली आणि टिपणे सुरू केली. दिवसभरात पाहिलेले, वाचलेले, ऐकलेले जसेच्या तसे खिशातल्या लहान वहीत जाते, आणि रविवारी संध्याकाळी त्यातले जे अजूनही मनात घोळत असेल ते पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर नव्याने लिहिले जाते. एका कार्डावर एकच गोष्ट, पूर्ण वाक्यांत, आणि विषय मुळीच ठाऊक नसलेल्या माणसाला वाचून कळेल अशी. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण महिन्याभराने ते कार्ड वाचणारी मी स्वतःही जवळजवळ तशीच परकी झालेली असते.

मात्र कार्डे लिहूनही काम अर्धेच होते, हे मला आमच्या रविवारच्या बैठकीत कळले. आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा जमतो आणि प्रत्येकाने त्या महिन्यात जे शिकले असेल ते दहा मिनिटांत सांगायचे असते. पहिल्या वर्षी मी बहाव्याचे कार्ड घेऊन गेले. पहिल्या घोसाची तारीख, पहिल्या पावसाची तारीख आणि मधले दिवस, असे सगळे मी आत्मविश्वासाने सांगितले. आयुष्यभर बागकाम केलेले एक काका समोर बसले होते. त्यांनी शांतपणे विचारले, “ताई, फुलला म्हणजे कधी? पहिला घोस लोंबला तेव्हा, की अख्खं झाड पिवळं झालं तेव्हा? आणि कुठलं झाड धरलंत? सोसायटीत नळाचं पाणी मिळणारं, की टेकडीवरचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. पहिला घोस उमलल्यापासून झाड पूर्ण बहरेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात, म्हणजे आरंभ कुठून धरायचा यावर पंचेचाळीसचे साठ होऊ शकतात. कोणी पंचेचाळीस आणि कोणी साठ का म्हणते, याचे एक कारण त्या प्रश्नातच दडलेले असावे, असे मला घरी येता येता वाटू लागले. त्या रात्री मी कार्डाच्या मागच्या बाजूला काकांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, लाल शाईने लिहिला. तेव्हापासून हा नेमच झाला आहे. बैठकीत आलेला प्रश्न त्याच रात्री मूळ कार्डामागे लाल शाईने लिहायचा आणि पुढच्या महिन्याचे वाचन व निरीक्षण त्या लाल ओळीपासून सुरू करायचे.

पुढच्या उन्हाळ्यात माझी नोंद अगदी वेगळी झाली. एका झाडाऐवजी चार झाडे घेतली: दोन सोसायटीतली, एक रस्त्याच्या कडेचे, एक टेकडीच्या उतारावरचे. प्रत्येकासाठी तीन तारखा ठरवल्या: पहिला उमललेला घोस, अर्धे झाड पिवळे, पूर्ण झाड पिवळे. पाने गळाली होती का, मागच्या वर्षीच्या काळ्या, हातभर लांब शेंगा अजून लटकत होत्या का, हेही लिहायला लागले. टेकडीवरच्या झाडाखाली उभी राहून मी पहिल्यांदाच एक घोस नीट पाहिला. वरच्या टोकाला, देठाजवळ फुले उमललेली असतात आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या, हिरवट पिवळ्या गोल कळ्या मण्यांसारख्या ओवलेल्या असतात. म्हणजे एकाच घोसात आजचे फूल आणि आठवड्यानंतरची कळी दोन्ही असतात. इतकी वर्षे या झाडाखालून जाऊनही हे मला दिसले नव्हते. काकांनी विचारले नसते तर पुढेही दिसले नसते.

त्याच सुमारास वाचनात केरळ आला. बहावा हे केरळचे राज्यफूल आहे. तिथे त्याला कणिकोन्ना म्हणतात आणि एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विषूच्या पहाटे ही फुले देवासमोर मांडतात. केरळात मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख १ जून मानली जाते. १४ एप्रिलपासून मोजले तर १ जूनला अठ्ठेचाळीस दिवस होतात. हे गणित जुळताना मला फार आनंद झाला आणि मी ते उत्साहाने कार्डावर लिहिले. पण विषूची तारीख सूर्याच्या संक्रमणावरून ठरते, फुलावरून नव्हे, हे भान नंतर आले आणि तेही त्याच कार्डावर खाली लिहावे लागले.

मनाला पटलेले पुरावे आपसूक लक्षात राहतात, न पटणारे निसटतात. चार्ल्स डार्विनला हे पक्के ठाऊक होते. आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी कोणतीही गोष्ट दिसली की ती ताबडतोब आणि न चुकता टिपून ठेवायची, असा नियम त्याने पाळला होता आणि त्याचे कारणही आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे: अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा फार लवकर विसरल्या जातात. त्याच्या टिपणांपेक्षाही मला त्याचे बियांचे प्रयोग अधिक जवळचे वाटतात. समुद्रापलीकडच्या बेटांवर वनस्पती कशा पोहोचल्या असतील, हा प्रश्न होता. बिया खाऱ्या पाण्यात तग धरतात का, हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते. १८५५ साली त्याने बिया मिठाच्या पाण्यात भिजत ठेवायला सुरुवात केली आणि प्रयोग चालू असतानाच बागकामाच्या एका साप्ताहिकात त्याविषयी लिहून वाचकांकडे माहिती मागितली. सत्त्याऐंशी प्रकारच्या बियांपैकी चौसष्ट प्रकारच्या बिया अठ्ठावीस दिवसांनंतरही उगवल्या. निकाल उत्तमच होता, पण एक अडचण होती: त्या लहान बिया थोड्याच दिवसांत बुडत होत्या, आणि बुडणारी बी समुद्र कशी ओलांडणार?

इथे थांबण्याऐवजी त्याने नवा फेरा सुरू केला. पिकलेल्या फळांसकट चौऱ्याण्णव वनस्पतींच्या फांद्या वाळवून पाण्यात सोडल्या. ताजी हेझलची फळे लगेच बुडाली; वाळवलेली नव्वद दिवस तरंगली आणि नंतर पेरल्यावर रुजलीसुद्धा. चौऱ्याण्णवांपैकी अठरा वनस्पती अठ्ठावीस दिवसांहून अधिक तरंगल्या. दोन्ही आकडे एकत्र करून त्याने अंदाज बांधला की एखाद्या प्रदेशातल्या शंभरांपैकी चौदा वनस्पतींच्या बिया अठ्ठावीस दिवस तरंगत जाऊन रुजू शकतील. मग मार्टेन्स नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाचे प्रयोग त्याने विचारात घेतले. मार्टेन्सने बिया पेटीत घालून खऱ्या समुद्रात ठेवल्या होत्या, म्हणजे त्या आळीपाळीने भिजत आणि हवेत कोरड्या पडत होत्या. ते सगळे तोलून डार्विनने आपला आकडा चौदावरून दहावर आणला. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मुख्य ग्रंथात हे दोन्ही आकडे वाचायला मिळतात. चौदा खोडून गुपचूप दहा लिहिले असते तरी कोणी विचारले नसते. त्याने तो उतारा तसाच राहू दिला, आणि त्यामुळे विचार कोणत्या वाटेने गेला हे आज आपल्याला दिसते. ते पान वाचल्यापासून मी माझ्या कार्डांवरही जुने वाक्य खोडत नाही. खाली तारीख घालून नवे लिहिते.

या शिस्तीचा कस २०२३ साली लागला. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आला आणि मुंबईत २५ जूनला. त्याच जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होते. एप्रिलमध्ये फुललेल्या झाडाला जूनमधल्या वादळाची खबर असणे शक्य नव्हते, हे मी तेव्हाच लिहून ठेवले, आणि लिहिताना मला वाईटही वाटले, कारण आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट सुटत चालली होती. मग २०२५ साली पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. त्या दोन वर्षांतल्या पावसाच्या तारखांत जवळजवळ महिन्याचे अंतर आहे. माझ्या चार झाडांच्या पहिल्या घोसांत मात्र आठवड्याभराचाही फरक नव्हता.

आज त्या विषयावरचे सगळ्यांत खालचे वाक्य असे आहे: बहावा येणाऱ्या पावसाविषयी सांगत नसावा, सरलेल्या कोरड्या महिन्यांविषयी सांगत असावा, आणि मोसमी पाऊसही बहुतेक वर्षी त्याच उन्हाळ्याच्या शेवटी येत असल्यामुळे दोघांची गाठ घातली गेली असावी. हे ‘नसावा’, ‘असावा’, ‘असावी’ मी मुद्दाम ठेवले आहेत. चार झाडे आणि काही उन्हाळे एवढ्या बळावर ‘आहे’ लिहिण्याचा अधिकार मला नाही. तरी सुरुवातीच्या ओळीपेक्षा हे वाक्य मला अधिक आवडते, कारण त्यातून पुढे काय पाहायचे ते कळते: नळाचे पाणी मिळणारे झाड टेकडीवरच्या झाडाहून उशिरा फुलते का, आणि फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला तर काय होते.

मागच्या बैठकीत हेच सांगितल्यावर चिपळूणला माहेर असलेली एक मैत्रीण म्हणाली, “आईकडे दारातच बहावा आहे. मी तिला लिहायला लावते.” आम्ही तिथेच व्याख्या ठरवली: जमिनीवरून दिसणारा पहिला उमललेला घोस. आईंना वही नेऊन दिली गेली आणि दोन आठवड्यांनी त्यांच्या पहिल्या पानाचा फोटो माझ्या फोनवर आला. वळणदार अक्षरात लिहिले होते: “घोस खाली लोंबला आहे, पण त्यात फूल एकच उमललं आहे. बाकी कळ्या. हा धरायचा की नाही, ते विचारून सांग.”

ते वाक्य मी लाल शाईने कार्डामागे लिहिले आहे आणि सकाळी टेकडीवर जाणार आहे.