पेट्रोलचा वास येणारी बोअर आणि ‘बीडीएल’चा रिपोर्ट

सोसायटीच्या बोअरला पेट्रोलचा वास आणि पाण्याच्या रिपोर्टवर ‘ऑइल अँड ग्रीस : बीडीएल’, म्हणजे तेल-चरबी लॅबच्या मोजणीच्या मर्यादेखाली (बिलो डिटेक्शन लिमिट). शेजारच्या पेट्रोल पंपाची टाकी गळते हे लवकर कळलं, डिपस्टिकने (टाकीत बुडवायच्या मोजपट्टीने) मोजलेला साठा आणि विक्रीचा हिशेब जुळतच नव्हता. पण ‘बीडीएल आहे, म्हणजे पाणी चांगलं’ असं म्हणत कार्यालयाने फाइल अडवून धरली, त्याचा राग अजून गेलेला नाही.

‘ऑइल अँड ग्रीस’च्या चाचणीत पाण्यातलं तेल हेक्झेन या द्रावकात ओढून घेतात, हेक्झेन तापवून उडवतात आणि उरेल ते तोलतात. बेन्झिन, टोल्युइनसारखे पेट्रोलचे हलके घटक हेक्झेनबरोबरच उडतात, मग तोलायला राहणार काय? हॉटेलच्या सांडपाण्याला ही चाचणी ठीक आहे. आपण लेखी मागायची ती ‘बीटेक्स’, म्हणजे बेन्झिन, टोल्युइन, इथाइलबेन्झिन आणि झायलीन, तीही जीसी-एमएसवर, म्हणजे प्रत्येक घटक वेगळा करून ओळखणाऱ्या यंत्रावर. जोडीला एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक रसायन) सांगा. पेट्रोलमध्ये ते असलं तर पाण्याबरोबर सगळ्यांच्या पुढे पळतं. आणि बीडीएलशेजारी मोजणीची मर्यादा छापून घ्याच. पिण्याच्या पाण्यात बेन्झिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. लॅबची मर्यादाच ५० असेल तर तो कागद रद्दीत घाला.

नमुना बिसलेरीच्या बाटलीत देऊ नका. ४० मिलिलिटरची काचेची कुपी, टेफ्लॉनच्या चकतीचं झाकण, काठोकाठ भरलेली. उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नवी कुपी घ्या. नमुना टिकावा म्हणून आम्लाचे थेंब घातलेली कुपी विसळायची नाही. आपल्याकडच्या जड पाण्यात आम्लाने फेस येतो, तेव्हा बिनआम्लाची कुपी बर्फात ठेवा आणि सात दिवसांच्या आत तपासून घ्या. लॅबला जाताना वाटेत गाडीत पेट्रोल भरू नका, त्याची वाफ नमुना बिघडवते.

वासाचं पाणी उकळून पिऊ नका, बेन्झिनची वाफ स्वयंपाकघरात पसरते.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि बोअरचा पंप दोनशे फुटांवरून पाणी ओढतो. वरच्या मुरमातलं पाणी केसिंगने (बोअरच्या वरच्या भागातल्या बंद पाइपने) अडवलेलं असतं, म्हणून जवळची जुनी विहीर आधी बघा. पारदर्शक बेलर (दोरीने सोडायची नमुन्याची नळी) हळू सोडला की पेट्रोलचा थर बोटाने मोजता येतो. थर दिसला तर साधी मोटर चालू करू नका, ठिणगीचा धोका असतो. निरीक्षण बोअर (फक्त पाणी तपासायला घेतलेली) खणताना जाळीचा पाइप मे महिन्यातल्या आणि पावसाळ्यानंतरच्या, अशा दोन्ही पातळ्या झाकेल एवढा लांब घ्या. पावसाळ्यात पाणी चढलं की पेट्रोल मुरमाच्या फटीत दबून राहतं आणि रिपोर्ट चांगले येतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की थर पुन्हा दिसतो. त्यामुळे ऑगस्टच्या नमुन्यावर सफाईचं काम बंद करायला सही देऊ नका.

सफाईत आधी टाकी रिकामी, मग तरंगतं पेट्रोल उपसणं, मग जमिनीतली वाफ ओढणं. पाण्यासाठी सक्रिय कोळशाची (पेट्रोलचे घटक शोषून घेणाऱ्या) दोन पिंपं एकामागे एक लावा आणि नमुना दोन पिंपांच्या मधल्या नळावरून घ्या. तिथे बेन्झिन दिसलं की पहिल्या पिंपातला कोळसा बदला.