नॅनोडायमंडवर गॅडोलिनियम बसवताना

एमआरआयच्या वेळी गाठ किंवा रक्तवाहिनी उजळून दिसावी म्हणून देतात त्या इंजेक्शनमध्ये बहुधा गॅडोलिनियम हे धातू मूलद्रव्य असतं. सुटं गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते किलेटमध्ये, म्हणजे धातूला घट्ट धरून ठेवणाऱ्या रेणूत, जखडून देतात. तरीही २००६ साली, मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांची त्वचा कडक होण्याच्या आजाराशी त्याचा संबंध पुढे आला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने किलेट नॅनोडायमंडला जोडलं, तेव्हा दर गॅडोलिनियममागे उजळवण्याचा परिणाम १० पटींहून जास्त वाढला. म्हणजे कमी मात्रेत काम भागण्याची शक्यता. पीएचडीसाठी मी हाच विषय घेतला.

नॅनोडायमंड म्हणजे टीएनटी आणि आरडीएक्सचा बंद टाकीत स्फोट करून मिळणारी करडी भुकटी. कण ४-५ नॅनोमीटरचे, पण एकमेकांना घट्ट चिकटलेले. भुकटी हवेत तापवून वरचा ग्राफाइटसारखा कार्बन जाळला, आम्लात उकळून धातूंची अशुद्धी काढली आणि झिर्कोनियाच्या बारीक मण्यांसोबत दळून गुठळ्या फोडल्या. हे सगळं वेळखाऊ, पण सरळ.

खरी कसोटी पुढे होती. कणांच्या पृष्ठभागावर कार्बॉक्सिल गट, म्हणजे आम्लधर्मी अणुगट, असतात. ईडीसी हे जोडणी घडवणारं रसायन वापरून त्यांच्याशी किलेटचा पक्का अमाइड बंध जुळवायचा असतो. पण हेच गट सुटं गॅडोलिनियमही सैलसर धरून ठेवतात, आणि तेही स्कॅनमध्ये उजळतं! त्यामुळे नुसत्या उजळपणावर विश्वास ठेवायचा नाही, असं मी पक्कं ठरवलं. प्रत्येक घाण्यासोबत ईडीसीशिवायचा जोडीदार नमुना ठेवला. दोन्ही डीटीपीए या सुट्या किलेटने धुतले, कारण सैल गॅडोलिनियम तो ओढून घेतो. मग नमुना बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून, बाहेरचं पाणी बदलत डायलिसिस. झायलेनॉल ऑरेंज हे रंगद्रव्य सुटं गॅडोलिनियम भेटलं की पिवळ्याचं जांभळं होतं, पण डीटीपीएने धरलेलं त्याला दिसत नाही. म्हणून बाहेरचं पाणी आयसीपी या मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर तपासलं, आणि गॅडोलिनियम येणं थांबल्यावरच झायलेनॉलची चाचणी केली. तीही बाहेरच्या पाण्यावर, कारण आतलं द्रावण इतकं काळपट असतं की रंग कळतच नाही.

जोडीदार नमुन्यातलं गॅडोलिनियम जवळपास निघून गेलं, खऱ्या नमुन्यातलं टिकलं. तेव्हा कुठे मी टी-१ मोजायला बसले. चुंबकीय क्षेत्रात विचलित केलेले पाण्यातले हायड्रोजन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ म्हणजे टी-१; तो जितका कमी, तितकं स्कॅनमध्ये जास्त उजळ. वेगवेगळ्या मात्रांवर १/टी-१ ची रेषा काढली, तर तिचा चढ, म्हणजे दर गॅडोलिनियममागचा परिणाम, साध्या किलेटपेक्षा कितीतरी जास्त. कणाला बांधलेलं किलेट पाण्यात सावकाश गिरकी घेतं, हे त्यामागचं एक कारण.

सलाइनमध्ये मात्र कण पुन्हा गोळा होतात, कारण मिठामुळे त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण झाकलं जातं. सध्या कणांवर पीईजी या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा थर देऊन बघते आहे. रक्ताच्या सीरममध्ये द्रावण स्थिर राहिलं, तरच उंदरांवरच्या चाचणीची परवानगी मागणार आहे.