वही गेली, ओझं राहिलं

रविवार, १० मे

चीनमध्ये हुकोऊची वही न दाखवता लग्न नोंदवता येऊ लागलं, त्याला आज वर्ष झालं. हुकोऊ म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद. वहीत पहिलं पान घराचं, मग माणसागणिक एक. आणि ही वही बहुधा आईबापांच्या कपाटात. मुलीने निवडलेला मुलगा पसंत नसला की वही लपवायची, आणि पोरांनी ती गुपचूप लांबवून लग्न उरकायचं, हे तिकडे सर्वांना ठाऊक. शिवाय दोघांपैकी एकाचं हुकोऊ जिथलं, तिथल्याच कचेरीत जावं लागे. कामासाठी परप्रांतात राहणाऱ्यांना त्यासाठी रजा टाकून गाव गाठणं आलं. २०२१पासून काही प्रांतांत सूट होती, तीही प्रायोगिक.

आता ओळखपत्रं, जोडीचा फोटो आणि ‘सध्या जोडीदार नाही, आमच्यात जवळचं रक्ताचं नातं नाही’ अशा निवेदनावर सही, एवढ्यावर देशात कुठेही नोंदणी होते. फी २०१७मध्येच गेली.

घटस्फोटाचं मात्र उलट. २०२१पासून दोघं राजी असले तरी अर्जानंतर ३० दिवस थांबायचं. तेवढ्यात एकाने माघार घेतली की संपलं. पुढच्या ३० दिवसांत दोघांनी जातीने जाऊन प्रमाणपत्र घेतलं नाही, तरी अर्ज बाद. हे पाहून कुणी लग्नालाच कचरत असेल, तर मला नवल वाटत नाही.

२०१३मध्ये सुमारे १ कोटी ३५ लाख लग्नं नोंदली गेली, २०२४मध्ये ६१ लाख. पंचांगही आडवं आलं: २०२४च्या ड्रॅगन वर्षात ‘लीचुन’, म्हणजे वसंतारंभ, पडलाच नाही, म्हणून ते ‘विधवा वर्ष’. पुढच्या सर्पवर्षात अधिक सहावा महिना आला, लीचुन दोनदा पडला आणि वर्ष शुभ ठरलं. (आपण अधिक महिन्यात मुहूर्तच काढत नाही!)

पण खरी मेख पैशात आहे. २००४च्या सुमारास १०० मुलींमागे १२०हून जास्त मुलगे जन्मत होते. तेच आता लग्नाचे झालेत. मुलाकडून मुलीकडे जाणाऱ्या ‘त्साय्ली’चा आकडा त्यामुळे गावाकडे जास्त चढलेला. च्यांग्शी प्रांतात १ लाख ८८ हजार युआन सर्रास ऐकू येतात, कारण ८ शुभ. लग्न मोडलं तर? फेब्रुवारी २०२४पासूनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नियमांनुसार नोंदणी होऊन संसार झाला असेल तर रक्कम सहसा परत मिळत नाही. संसार अल्पकाळ टिकला आणि रक्कम अवाच्या सवा असेल, तरच काही हिस्सा. तोही खर्च किती झाला, मूल झालं का, चूक कुणाची, हे पाहून. सणावाराच्या किरकोळ भेटी त्यात धरत नाहीत.